भिंतीत बसवलेला स्पीकर

घरात गाणे ऐकण्यासाठी वेगळी खोली करायची ठरली की इंटिरिअर डिझायनरची पहिली सूचना असते : स्पीकर भिंतीत बसवू. जाळीला भिंतीचाच रंग, वायरी दिसत नाहीत, जमीन मोकळी. ऐकण्याचा ध्यास घेतलेली मंडळी मात्र या सूचनेला नाक मुरडतात, कारण भिंतीतले बहुतेक स्पीकर त्यांनी हॉटेलांत पार्श्वसंगीत वाजवताना ऐकलेले असतात. ध्वनिशास्त्राच्या बाजूने पाहिले तर दोघांच्याही नजरेतून मुख्य गोष्ट सुटते. भिंत ही स्पीकरसाठी फार चांगली जागा आहे; मात्र एकदा तिथे बसवलेला स्पीकर हलवता येत नाही. म्हणून पेटीच्या स्पीकरबाबत जे निर्णय घरी आणल्यावर, सरकवून पाहत घेता येतात, ते सगळे इथे बांधकामाआधी घ्यावे लागतात.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लहरी एकमेकींना भेटल्या की मंद्र स्वर पुसले जातात. 1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आजच्या स्पीकरचा पाया घातला, तेव्हाच ही अडचण ठाऊक होती. पडद्याभोवती फळी लावायची, हा तिच्यावरचा उपाय. फळी जितकी मोठी तितका मंद्र भरदार, आणि घरातली सर्वांत मोठी फळी म्हणजे भिंत. त्यामुळे पुढच्या काळात हौशी लोकांनी भिंतीला किंवा कपाटाच्या दाराला भोक पाडून स्पीकर बसवले. सुटी पेटी ही त्या मानाने सोयीची तडजोड होती.

या तडजोडीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पेटीचा दर्शनी भाग 25 सेंटिमीटर रुंद असेल, तर साधारण चार-पाचशे हर्ट्झच्या वरचा ध्वनी प्रामुख्याने पुढे जातो, पण त्याखालचा पेटीला वळसा घालून चहूकडे पसरतो. हा फरक सहा डेसिबलपर्यंत जातो आणि तो इलेक्ट्रॉनिक जोडणीने भरून काढावा लागतो. दुसरी अडचण मागच्या भिंतीची. स्पीकरचा पडदा भिंतीपासून 60 सेंटिमीटर पुढे असेल, तर मागे गेलेली लहर 1.2 मीटरचा जादा प्रवास करून परतते. 143 हर्ट्झला हे अंतर बरोबर अर्धी तरंगलांबी होते आणि तो स्वर दबतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज 138.6 हर्ट्झचा असतो. म्हणजे घाव नेमका आधारस्वराच्या मुळावर. स्पीकर भिंतीशी समतल बसवला की वळसा घालायला जागा उरत नाही आणि मागून परतणारी लहरही उरत नाही. ध्वनिमुद्रण स्टुडिओंत मोठे स्पीकर भिंतीत बसवण्याची पद्धत रूढ झाली, ती याच कारणांनी.

आता आपल्याकडची एखादी खोली घेऊ : लांबी 5.3 मीटर, रुंदी 3.6, उंची 2.9. अमेरिकेत घरांच्या भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकलेल्या, आतून पोकळ असतात. स्पीकर त्या पोकळीत जातो. आपली जुनी साडेचार इंची विटांची भिंत कोरली तर मागे काही उरत नाही, आणि नव्या टॉवरमधल्या काँक्रीटच्या भिंती इमारतीचा भार पेलतात, त्यांना हातही लावायचा नाही. म्हणून समोरच्या भिंतीपुढे 30 सेंटिमीटर खोल अशी दुसरी भिंत उभारायची. तिच्यात जवळजवळ बारा चौरस फूट जागा जाते. पुण्या-मुंबईच्या भावात हे जिवावर येते. पण सुटी पेटी भिंतीपासून योग्य अंतरावर ठेवायची तर खोलीचा याहून मोठा पट्टा अडतो.

या भिंतीत प्रत्येक बाजूला सुमारे 50 लिटरचा बंद कप्पा करून त्यात 25 सेंटिमीटरचा वूफर बसवता येतो. नेमका आकार ठरवण्याचे गणित नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये ऑस्ट्रेलियात मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पुढे नेले. कप्प्याच्या भिंती थरथरल्या तर त्याही गाऊ लागतात. वॉर्फडेलचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी यासाठी दोन फळ्यांमध्ये वाळू भरण्याचा उपाय वापरला होता. तो आजही चालतो. भिंतीचा सांगाडा काँक्रीटपासून रबरी तुकड्यांवर सुटा ठेवला, तर शेजाऱ्यांची झोपही कमी मोडते.

सर्वांत मोठा फरक दिशेचा. पेटी श्रोत्याकडे वळवता येते, भिंत वळत नाही. दोन स्पीकर 2.4 मीटर अंतरावर आणि खुर्ची भिंतीपासून 1.9 मीटरवर असेल, तर श्रोता प्रत्येक स्पीकरच्या सरळ रेषेपासून 30 अंशांहून किंचित जास्त कोनात बसतो. उंच स्वर बाजूला लवकर क्षीण होतात. त्यामुळे वूफर, मध्यम पडदा आणि ट्वीटर यांची जुळवणी समोरून मोजून केली, तर सारंगीची धार बोथट होते. ती त्या कोनातूनच मोजून करायला हवी. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे सुमारे एक मीटरवर हवा.

भिंत एक अडचण वाढवते, हेही सांगायला हवे. नवी भिंत उभी राहिल्यावर खोली पाच मीटर लांब उरते. त्या लांबीत 34 आणि 69 हर्ट्झला हवा स्वतःच झुलते, आणि टोकाच्या भिंतीतून दिलेला धक्का हे झुलणे पुरेपूर चेतवतो. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाची तार 69.3 हर्ट्झची. खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवली, तर 69 तिथे घोंगावतो आणि 34 जवळपास नाहीसा होतो. डग्ग्याची मींड घसरत असताना एखादाच स्वर मध्येच फुगतो. खुर्ची 60 सेंटिमीटर पुढे, म्हणजे वर धरलेल्या 1.9 मीटरवर आणली की दोन्हींचा तोल बराच सावरतो. उरलेला फुगवटा डिजिटल प्रक्रियेने छाटता येतो. पण जिथे लहरी एकमेकींना पुसतात तिथला खड्डा कितीही शक्ती ओतून भरत नाही. बाकीचे काम सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांची कपाटे करतात. टाइल आणि कोऱ्या गिलाव्याच्या खोलीत टाळी वाजवून पाहिली की त्यांची गरज लगेच कळते.

म्हणून भिंत बंद करण्याची घाई नसावी. आधी सांगाड्यावर प्लायवुडचा तात्पुरता दर्शनी भाग लावून स्पीकर बसवावेत, मायक्रोफोनने मोजावेत आणि दोन-तीन आठवडे आपल्या ओळखीची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. स्पीकर पुढूनच स्क्रू काढून बाहेर येतील अशी सोय हवी, ॲम्प्लिफायर भिंतीबाहेर हवा आणि वायरी नळीतून ओढलेल्या हव्यात. पडदे म्हातारे होतात, बदलावे लागतात. रंगारी सर्वांत शेवटी बोलवावा.