जाफरचा पूल : विदर्भ आणि जुनी मुंबई यांच्यातील न झालेली मालिका

विदर्भाच्या २०१७-१८ च्या रणजी विजेत्या संघाची गाठ १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात सलग १५ वेळा करंडक जिंकणाऱ्या मुंबईशी पडली असती तर काय झाले असते, हा प्रश्न वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीच्या चहाच्या टपरीवर रात्र जागवणारा वाटला, तरी संख्याशास्त्रात त्याचा रीतसर विचार झालेला आहे. अशा सामन्यासाठी प्रतिरूपण ही पद्धत वापरतात. म्हणजे खेळाडूंच्या नोंदवलेल्या कामगिरीवरून प्रत्येक चेंडूच्या संभाव्य निकालांची शक्यता ठरवायची, संगणकाने काढलेल्या यादृच्छिक आकड्याने त्यांतला एक निकाल निवडायचा आणि असे चेंडू जोडत जोडत डाव, सामना व अखेर मालिका उभी करायची.

या खेळाचे माहेर अमेरिकेतले बेसबॉल आहे. हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ या खेळात फासे आणि खेळाडूंची पत्रके यांच्या साहाय्याने वेगवेगळ्या काळांतले संघ एकमेकांसमोर उभे करता येतात. बेसबॉल यासाठी सोयीचा आहे, कारण तीन तळांवर धावपटू असण्या-नसण्याचे आठ प्रकार आणि बाद खेळाडूंची संख्या शून्य, एक किंवा दोन, अशा केवळ २४ स्थितींत डावाचा कोणताही क्षण बसवता येतो. क्रिकेटमध्ये चेंडू जुना होतो, खेळपट्टी भेगाळते, कर्णधार डाव घोषित करतो आणि रणजीच्या बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागतो. २०२५ मध्ये जामठ्याला, म्हणजे वर्ध्याहून नागपूरला जाताना वाटेत लागणाऱ्या मैदानावर, विदर्भाने ३७९ विरुद्ध ३४२ अशा आघाडीच्या बळावरच केरळला मागे टाकून तिसऱ्यांदा करंडक जिंकला. क्रिकेटच्या प्रतिरूपणाला त्यामुळे घड्याळही सांभाळावे लागते.

आकड्यांची निवड चुकली तर काय होते, हे शाळेतल्या बाकावर खेळल्या जाणाऱ्या बुक क्रिकेटवरून समजते. पुस्तक उघडून डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहिला, तर तो ०, २, ४, ६ किंवा ८ यांपैकी एक असतो. शून्याला फलंदाज बाद धरल्यास दर पाच ‘चेंडूं’मागे सरासरी एक बळी पडतो आणि उरलेल्या चार चेंडूंवर सरासरी पाच-पाच, म्हणजे बळीमागे २० धावा होतात. संघाची २०० ही धावसंख्या खरी वाटण्याजोगी आहे, पण ती सरासरी अवघ्या ५० चेंडूंत उभी राहून डाव संपतो. निकाल पटण्यासारखा दिसला म्हणून त्यामागची यंत्रणा खरी ठरत नाही, ही या क्षेत्रातली पहिली सावधगिरी आहे.

गंभीर प्रतिरूपणात फलंदाज, गोलंदाज आणि त्या काळातली सामान्य पातळी असे तीन आकडे एकत्र आणावे लागतात. केवळ उदाहरणादाखल, एखाद्या हंगामात सरासरी फलंदाज दर ६० चेंडूंना बाद होत असेल, समोरचा फलंदाज ९० चेंडू टिकणारा असेल आणि गोलंदाज सामान्य फलंदाजांना दर ४५ चेंडूंना बाद करणारा असेल, तर ९० गुणिले ४५ भागिले ६० या हिशेबाने त्या दोघांच्या लढतीत साधारण साडेसदुसष्ट चेंडूंना एक बळी अपेक्षित धरता येतो. हे सूत्र एका हंगामापुरते ठीक चालते. फलंदाज १९६६ चा आणि गोलंदाज २०१७ चा असला, की भागाकारात कोणत्या काळाची पातळी घालायची, हेच ठरत नाही.

त्यावर स्कॉट बेरी, शेन रीझ आणि पॅट्रिक लार्की या संख्याशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये बेसबॉल, आइस हॉकी आणि गोल्फ यांच्या संदर्भात मांडलेला उपाय असा की, दोन काळ थेट जोडता येत नसले तरी दोन्ही बाजूंना खेळलेल्या खेळाडूंचा पूल त्यांच्यामध्ये असतो. मुंबईच्या सुवर्णकाळात पदार्पण केलेले सुनील गावसकर पुढे दिलीप वेंगसरकरांसोबत खेळले. वेंगसरकर आणि सचिन तेंडुलकर १९९१ च्या अंतिम सामन्यात, हरियाणाने मुंबईला दोन धावांनी हरवले त्या दिवशी, एकाच संघात होते. तेंडुलकरांबरोबर मुंबईकडून वसीम जाफर खेळला. आणि तोच जाफर २०१५-१६ पासून विदर्भाच्या संघात येऊन फैझ फझल आणि रजनीश गुरबानी यांचा सहकारी झाला. पाच पिढ्यांना सांधणारी ही साखळी, इतर शेकडो खेळाडूंच्या साखळ्यांसह, या मालिकेचा खरा आधार आहे.

मात्र प्रत्येक कडीत संशयाची भर पडते, आणि ती कुठून येते हे जाफरच्याच दोन हंगामांवरून दिसते. त्याने २००८-०९ मध्ये मुंबईसाठी १,२६० आणि २०१८-१९ मध्ये, वयाच्या चाळिशीत, विदर्भासाठी १,०३७ धावा केल्या. यातून रणजीतली गोलंदाजी सोपी झाली असे समजायचे, की जाफर वयाला पुरून उरला असे, की नव्या संघांमुळे स्पर्धाच पसरट झाली असे? एका माणसाच्या आकड्यांतून ही तिन्ही कारणे वेगळी काढता येत नाहीत. त्यासाठी वेगवेगळ्या वयांत हा पूल ओलांडणारे पुष्कळ खेळाडू लागतात. तिसऱ्या कारणाचे वजन तर उघड आहे. बिशनसिंग बेदी यांचा १९७४-७५ मधील ६४ बळींचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनने २०१८-१९ मध्ये प्लेट गटात, म्हणजे नवख्या संघांच्या गटात, ६८ बळी घेऊन मोडला आणि विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५ मध्ये एलिट गटात ६९ बळी घेऊन तो पुढे नेला. ६८ आणि ६९ यांतले अंतर एका बळीचे मानणारे प्रतिरूपण रद्दीत टाकण्याच्या लायकीचे होय.

खेळपट्टीचा प्रश्न याहून अवघड आहे. मुंबईच्या सलग पंधराव्या विजेतेपदाच्या सामन्यात, १९७२-७३ च्या चेपॉकवरील अंतिम लढतीत, पद्माकर शिवलकरांनी तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. पण त्याच सामन्यात तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी मुंबईविरुद्ध हॅटट्रिक साधली, म्हणजे त्या खेळपट्टीवर मुंबईचे फलंदाजही चाचपडत होते, आणि शिवलकरांच्या कर्तृत्वातला काही वाटा मातीला द्यावा लागतो. (रणजीच्या अंतिम सामन्यातली पुढची हॅटट्रिक गुरबानीची, इंदूरला दिल्लीविरुद्ध, योगायोग सुखद असला तरी त्याला हिशेबात जागा नाही.) २०१७-१८ च्या विदर्भाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे मुंबईच्याच मुशीतले होते, आणि त्यांच्या शिस्तीसाठीही कोणत्या तक्त्यात रकाना नसतो.

मालिका संगणकावर १०,००० वेळा खेळवली, तर निव्वळ नशिबाच्या फाशांमुळे विजयाच्या टक्केवारीत येणारी चूक फार तर एक टक्क्याच्या आसपास राहते. परंतु पुलाच्या कच्चेपणाची चूक कितीही वेळा खेळवून कमी होत नाही, आणि नेमकी तीच जाहिरातीत सांगितली जात नाही. मरे वरोनर यांनी संगणकाच्या नावाने उभारलेली रॉकी मार्सियानो आणि मोहम्मद अली यांची मुष्टियुद्धाची लढत १९७० मध्ये चित्रपटगृहांत दाखवली गेली, तेव्हा अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला आणि युरोपातल्या आवृत्तीत अली. प्रेक्षक पाहून निकाल बदलणाऱ्या यंत्राला प्रतिरूपण म्हणणे धाडसाचेच आहे.

विदर्भ-मुंबई मालिकेत कोणी प्रामाणिकपणे उतरायचे ठरवले, तर पहिली अडचण दप्तराची येईल. अलीकडच्या रणजी सामन्यांत कोणी किती चेंडू खेळले याची नोंद सहज मिळते. साठच्या दशकातल्या बहुतेक छापील धावफलकांत फलंदाजाच्या धावा असतात, चेंडू नसतात. अजित वाडेकरांच्या १९६६-६७ मधील म्हैसूरविरुद्धच्या ३२३ धावांसारख्या खेळीचा वेगही डावाच्या एकूण षटकांवरून आणि भागीदाऱ्यांवरून अंदाजानेच बसवावा लागतो, आणि म्हणून अशा मालिकेत मुंबईच्या प्रत्येक आकड्याभोवती विदर्भाच्या आकड्यापेक्षा रुंद असा अनिश्चिततेचा पट्टा आखावा लागेल.