सकाळचा पहिला गिअर

निफाडकडच्या थंडीत सकाळी बाईक सुरू करून पहिला गिअर टाकला की ‘खट्ट’ असा आवाज येतो आणि क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी पुढे हिसका देते. गिअरबॉक्स गेला असं समजून घाबरू नका. हे थंड ऑइलचं काम आहे.

बहुतेक बाईकच्या क्लचप्लेट इंजिन ऑइलमध्येच भिजलेल्या असतात. क्लच दाबला की प्लेटांवरचा दाब सुटतो, पण त्यांच्यात फट पडते ती अगदी बारीक. रात्रभर गार पडलेलं घट्ट ऑइल तिथे धरून बसतं आणि इंजिनकडच्या फिरत्या प्लेटा शेजारच्या प्लेटांनाही ओढत नेतात. त्यामुळे मागचं चाक थांबलेलं असतानाही गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरत राहतो. गिअर अडकताच तो एकदम थांबतो, तोच हा खट्ट. चोक ओढलेला असेल तर आरपीएम जास्त, म्हणून दणकाही मोठा.

उपाय सोपा आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी पहिला गिअर टाकून, क्लच दाबून ती थोडी पुढेमागे हलवा. चिकटलेल्या प्लेटा सुटतात. मग न्यूट्रल करून इंजिन सुरू करा. आरपीएम उतरू द्या, मगच गिअर टाका. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपेक्षा जाड ऑइल घालू नका. इंजिन तापल्यावरही गाडी ओढत असेल, तर मात्र क्लच केबलचा प्ले तपासून घ्या.