आधी आपली जखम भरू द्या

घरात रोजची मारझोड पाहिलेली, जवळच्या माणसाची आत्महत्या सोसलेली किंवा वर्गात जातीवरून टोमणे खाल्लेली मुलगी एक दिवस म्हणते, "मला सायकॉलॉजी घ्यायची आहे. माझ्यासारख्यांना मदत करायची आहे." आई घाबरते, "एवढं सोसलंस, पुन्हा तेच कशाला?" दोघींचेही खरे आहे.

भार्गवी दावर यांनी लहानपणी आपल्या आईला मनोरुग्णालयात डांबलेले पाहिले. त्या दुःखातून प्रश्न उभे राहिले. ते घेऊन त्या शिकल्या, मुंबईच्या आयआयटीतून पीएच.डी. झाल्या. १९९९ मध्ये त्यांनी पुण्यात आईच्याच नावाने बापू ट्रस्ट काढला आणि मानसिक आरोग्याचे काम पुण्याच्या वस्त्यांत नेले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

सोसलेल्याला दुसऱ्याचे दुःख लवकर कळते. पण नुसते सोसणे म्हणजे शिक्षण नव्हे. समोरचा रडू लागला की आपलीच जुनी आठवण उसळते आणि ऐकायचे राहून जाते. 'मी यातून बाहेर आले, तूही येशील' असे सांगणे म्हणजे समुपदेशन नाही. झोप उडत असेल, आठवणीने छाती धडधडत असेल, तर आधी स्वतः उपचार घ्या. त्यात कमीपणा नाही. या क्षेत्रातले अनेक जण शिकताना स्वतःही समुपदेशन घेतात.

वाट लांब आहे. बारावी कोणत्याही शाखेतून झाली तरी मानसशास्त्रात बी.ए. करता येते, मग एम.ए. दुसऱ्या विषयातील पदवीधरांना २०२५ पर्यंत 'इग्नू'तून मानसशास्त्रात एम.ए. करता येत असे. मात्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी हवीच. चार दिवसांच्या कोर्सच्या प्रमाणपत्रावर पैसे घालवण्याआधी हे विचारून घ्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा.

आणि आजच मन सोसत नसेल तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची 'टेलिमानस' सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येते. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे.

आईवडिलांनो, लेकीने हा विषय मागितला तर आधी तिला विचारा, "तुझं तुला कसं वाटतंय?" अर्ज त्यानंतर भरा.