जुनी डिझेल मालगाडी इंजिने : काय टिपाल?

नावाची फोड : इंजिनावरचे WDM-2 हे 'डब्ल्यूडीएम-२' असे वाचा. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिश्र वाहतूक. डब्ल्यूडीजी-३ए मधला जी म्हणजे गुड्स.

वंशावळ : डब्ल्यूडीएम-२ हे अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या आराखड्यावरचे इंजिन. पहिली खेप 1962 मध्ये आली. 1964 पासून वाराणसीत बांधणी. 16 सिलिंडर, 2,600 अश्वशक्ती. डब्ल्यूडीजी-३ए ची ताकद 3,100 अश्वशक्ती.

बोगी : डब्ल्यूडीएम-२ च्या प्रत्येक बोगीतल्या तीन आसांमधली अंतरे असमान असतात. ती दिसावीत म्हणून कॅमेरा चाकांच्या उंचीवर, इंजिनाला काटकोनात धरा.

टोके : केबिनच्या दोन बाजूंचे आखूड आणि लांब हूड वेगवेगळे टिपा. बफर, मधला कपलर, ब्रेकचे होजपाइप, वाळूच्या नळ्या यांचे जवळून फोटो घ्या. लांब हूडच्या टोकाला रेडिएटरची जाळी असते.

अक्षरे : क्रमांक आणि शेडचे नाव स्पष्ट यायला हवे. रंगसंगती शेडनुसार बदलते.

प्रकाश : भर दुपारी चौकटीखालचा भाग काळाठिक्कर येतो. सकाळचे किंवा उतरते तिरपे ऊन उत्तम. मॉडेल बनवायचे असेल तर दुरून, 70 ते 100 मिमी लेन्सने फोटो घ्या. रेषा वाकड्या होत नाहीत.

कायदा : रेल्वे कायदा 1989, कलम 147 नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे गुन्हा आहे. शेडमध्ये जायचे तर आधी लेखी परवानगी घ्या.