कुएर्नावाकाचा खाष्ट यजमान

१९९० साली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले इथे एक जाडजूड ग्रंथ निघाला: ‘कम्बाइनिंग सर्व्हिस अँड लर्निंग’. सेवा आणि शिक्षण यांची सांगड कशी घालावी, हा त्याचा विषय. पहिल्या खंडात उत्साही लेखांच्या पंगतीला एक भाषण बसलेलं दिसतं. ते मुळात आलं होतं पंगत उधळायला. इव्हान इलिचने २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे ते केलं. श्रोते होते सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करायला निघालेले अमेरिकी विद्यार्थी, त्यांच्या कॅथलिक संघटनेच्या बैठकीला जमलेले. आणि भाषणाच्या शीर्षकातच त्यांच्या सदिच्छा चुलीत घालायला सांगितलं होतं.

या भाषणाची झेरॉक्स मला कॉलेजात असताना एका मित्राने दिली. पानं पिवळी पडली, नाद सुटला नाही. त्याला कारण होतं. त्याच हिवाळ्यात आम्ही राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका आजींच्या दारात शोषखड्डा खणून आलो होतो. खणायला दोन दिवस, फोटोंना अर्धा तास. आजींनी शेजारून दूध उसनं आणून आम्हा बाराजणांना चहा पाजला. पुढच्या वर्षी गेलो तर खड्डा बुजवलेला. ‘गाडी वळंना बाबा,’ आजी म्हणाल्या, आणि पुन्हा चहा ठेवला. बैलगाडी कुठून वळते हे विचारायचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अहवालात मात्र आजी ‘लाभार्थी’ होत्या.

इलिच व्हिएन्नाचा, जन्म १९२६. रोममध्ये धर्मगुरू झाला, न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोहून आलेल्यांच्या गरीब वस्तीत रमला, मग पोर्तो रिकोतल्याच कॅथलिक विद्यापीठाचा उपप्रमुख झाला आणि बिशपशी भांडून बाहेर पडला. इथपर्यंतचं चरित्र भरभर वाचून काढावं. खरी गंमत १९६१पासून. त्या वर्षी पोपच्या वतीने अमेरिकेतल्या धर्मसंघांना आवाहन झालं, की आपल्यातले दहा टक्के लोक दहा वर्षांत लॅटिन अमेरिकेला पाठवा. एवढ्या फौजेला स्पॅनिश आणि तिकडच्या रीतीभाती शिकवायच्या तर केंद्र हवं. ते इलिचने कुएर्नावाकात एका जुन्या हॉटेलात थाटलं. चर्चला वाटलं, माणूस कामाचा आहे. माणूस कामाचा होताच, फक्त काम त्याच्या मनातलं वेगळं होतं. येणाऱ्याकडून स्पॅनिश घोटून घ्यायची आणि घोटता घोटता त्याला विचारायचं, तू इथे आलास कशाला? कित्येकजण अर्ध्यातूनच घरी परतले. भरती केंद्राच्या दारात उभं राहून भरती मोडणारा असा सुभेदार विरळाच.

जानेवारी १९६७मध्ये त्याने ‘अमेरिका’ या जेझुइट साप्ताहिकात मिशनच्या दानधर्माची काळी बाजू दाखवणारा लेख लिहिला आणि वातावरण तापलं. त्यानंतर सव्वा वर्षाने हे भाषण. सोळा दिवसांपूर्वीच मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता, शिकागोच्या पश्चिम भागात जाळपोळ होऊन गेली होती. इलिचचा एक टोला तिथेच बसतो: घराशेजारी आग लागलेली असताना तुम्ही दोन हजार मैलांवर कोणाचं काय विझवायला निघालात? निदान तुमची भाषा बोलणाऱ्यांत जा. तुमचं काम नको असेल तर ते तुम्हाला तोंडावर हाकलून तरी देतील. मेक्सिकोतला शेतकरी तेवढंही करू शकत नाही, कारण त्याचं बोलणं तुम्हाला कळतच नाही.

मग पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेचा हिशेब. एकेका स्वयंसेवकाला परक्या संस्कृतीचा धक्का बसू नये म्हणून तेव्हा दहा हजार डॉलरच्या आसपास खर्च होत असे. हे स्वयंसेवक ज्यांच्या अंगणात येऊन उतरतात त्यांना बसणाऱ्या धक्क्यासाठी कोणी पैसा काढला का? हे वाचलं की मला आजींचं उसनं दूध आठवतं.

पण मी पुन्हा पुन्हा वळतो ते त्याहून शांत अशा एका जागेकडे. फिरायला या, डोंगर चढा, फुलं बघा, शिकायला या, असं इलिच सांगतो. मनाई फक्त मदतीला येण्याची. काही पाहुणचार असे असतात की त्यांची परतफेड करता येत नाही, आभारसुद्धा मानता येत नाहीत, एवढं उमगलं तरी पुष्कळ, असं तो सुचवतो. म्हणजे त्याचं भांडण शिकण्याशी नव्हतंच. शिकवणारा फुकट राबतो आणि शिकणारा स्वतःला दाता म्हणवतो, या उलट्या खतावणीशी होतं.

तो सगळीकडे न्यायाने बोलला असं नाही. विशीतल्या पोरांना एवढं सोलून काढायचं, आणि सोलणारा स्वतः कोण, तर मेक्सिकोत ठाण मांडलेला व्हिएन्नाचा मोन्सिन्योर! पोरांच्या वतीने मी कितीदा तरी त्याच्याशी मनात भांडलो आहे.

पुढे रोमने त्याला बोलावून पंच्याऐंशी प्रश्नांची यादी हाती दिली. त्याने उत्तरं दिली नाहीत. १९६९मध्ये त्याच्या केंद्रावर काही महिने बंदी आली, त्याने पौरोहित्य सोडलं. त्याचं ‘डीस्कूलिंग सोसायटी’ हे पुस्तक १९७१चं. ते आपल्याकडच्या शिक्षणवाल्यांना माहीत आहे.

भाषणाचं काय झालं? ते पाठ्यपुस्तक झालं. अनेक अमेरिकी महाविद्यालयांत परदेशी सेवादौऱ्याआधी ते वाचायला देतात. मुलं चर्चा करतात, अस्वस्थ झाल्याचं टिपण लिहितात आणि विमानात बसतात. विष पचवायची ही विद्यापीठी रीत शंकरालाही जमली नसती. त्याचा निदान गळा निळा झाला. दौरे तर वाढलेच. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाचा अंदाज होता की अमेरिकी चर्चचे सोळा लाख सभासद वर्षाकाठी अशा परदेश दौऱ्यांवर जात.

या दौऱ्यांना घरचा आहेरही मिळाला. १९९८च्या ‘मिच’ चक्रीवादळाने होंडुरासमध्ये घरं वाहून गेली आणि चर्चचे गट बांधकामाला धावले. कॅल्विन या ख्रिस्ती कॉलेजात शिकवणाऱ्या, स्वतः होंडुरासमध्ये राहणाऱ्या कर्ट व्हर बीकने नंतर घरोघरी जाऊन विचारलं. घर सुमारे दोन हजार डॉलरचं. गटाचा प्रवासासकट खर्च सरासरी तीस हजार. पाहुण्यांनी बांधलेल्या आणि गावकऱ्यांनी बांधलेल्या घरांतल्या माणसांच्या आयुष्यात म्हणावा असा फरक त्याला आढळला नाही. पाहुण्यांनी मात्र आपलं आयुष्य बदलल्याचं सांगितलं. देणग्यांच्या नोंदींत तो बदल फारसा उतरला नव्हता. गवंड्याच्या हातचा रोजगार हुकला तो वेगळाच.

या इलिचचं एक पाऊल आपल्याकडेही उमटलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. जानेवारी १९७८मध्ये तो वर्ध्याला, सेवाग्रामला एका परिषदेच्या उद्घाटनाला आला होता. सकाळी जाऊन गांधीजींच्या बापूकुटीत बसून राहिला. नंतर भाषण ठोकलंच, मास्तरकी काही सुटत नाही; पण कुणाला काय द्यावं, कसं सुधारावं, याचं नव्हे. माती-लाकडाच्या त्या घरात किती प्रकारच्या जागा आहेत, हे त्याने सांगितलं. सात भरल्या. मोजणी सुरू होते ती दाराशी चपला काढायच्या जागेपासून.