डोळ्यांना अंधाराची संवय

चिंचवडहून रविवारीं भर दुपारीं कोणी कार्ल्याचीं लेणीं पाहावयास गेला, म्हणजे त्यास एक अनुभव हटकून येतो. बाहेर रणरणतें ऊन असतें. चैत्यगृहांत पाऊल टाकतांच खांबांमागें सारा काळोख दिसतो. कांहीं वेळ स्वस्थ उभें राहिलें कीं, खांबांच्या माथ्यावरील हत्ती व त्यांवरील स्वार स्पष्ट होऊं लागतात, छताच्या जुन्या लांकडी कमानी दिसूं लागतात. लेण्यांतील उजेड वाढलेला नसतो. बदललेला असतो तो आपला डोळा. हा बदल कसा घडतो व त्यास वेळ कां लागतो, हें आज पाहावयाचें आहे.

दुपारचें ऊन आणि अवसेच्या रात्रीं ताऱ्यांचा येणारा उजेड यांत सुमारें १० कोटी पटींचें अंतर आहे. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते व तेवढ्यानें काम भागतें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु बाहुलीचा व्यास २ मिलिमीटरपासून फार तर ८ मिलिमीटरपर्यंत वाढतो; म्हणजे आंत येणारा प्रकाश अधिकांत अधिक १६ पट होतो. उरलेलें बहुतेक काम डोळ्याच्या मागील पडद्यास, म्हणजे दृष्टिपटलास, करावें लागतें.

या पटलांत दोन जातींच्या पेशी मुख्य आहेत. सुमारें ६० लाख शंकुपेशी दिवसा रंग व बारकावे दाखवितात. सुमारें १२ कोटी दंडपेशी मंद उजेडांत उपयोगी पडतात. मात्र त्यांस रंग कळत नाहीं. म्हणूनच काळोख्या रात्रीं तांबडी जास्वंद काळी भासते. दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नांवाचें जांभळट तांबडें द्रव्य असतें. तीव्र उजेडांत तें विटून जातें व अंधारांत हळूहळू पुन्हां तयार होतें. त्याच्या घडणीस अ जीवनसत्त्व लागतें. जॉर्ज वाल्ड यांनीं १९३३ सालीं हें जीवनसत्त्व दृष्टिपटलांत असल्याचें दाखविलें. १९६७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आहारांत या जीवनसत्त्वाची उणीव पडली तर रातांधळेपणा येतो, त्याचें कारण हेंच.

अंधारांतून उजेडांत आलों तर डोळा थोड्याच मिनिटांत सांवरतो. उजेडांतून अंधारांत जातांना मात्र शंकुपेशींस ८ ते १० मिनिटें आणि दंडपेशींस ३० ते ४० मिनिटें लागतात. उतारवयांत हा वेळ आणखी वाढतो.

लेण्यांत हा विलंब गमतीचा वाटतो. रस्त्यावर तो जिवावर बेतूं शकतो. चाकण, भोसरी, तळवडें या भागांत दुसरी पाळी रात्रीं सुटते. आठ तास झगझगीत दिव्यांखालीं काम केलेला कामगार दुचाकीवर बसून थेट काळोख्या रस्त्यास लागतो. आपल्या दिव्याच्या झोताबाहेर पायीं चालणारा माणूस किंवा दिवा न लावतां उभी असलेली मालमोटार त्यास दिसत नाहीं. आणि आपणांस दिसत नाहीं हेंहि त्यास कळत नाहीं. समोरून प्रखर दिवा आला कीं सांवरत आलेली दृष्टि पुन्हां मंदावते.

यावरील उपाय बिनखर्चाचे आहेत. बाहेर पडल्यावर पांच मिनिटें मंद उजेडांत थांबावें. तेवढ्यानेंहि बराच फरक पडतो. त्या वेळांत मोबाइलच्या पडद्याकडे पाहूं नये. वेग बेताचा ठेवावा. समोरच्या दिव्याकडे न पाहतां रस्त्याच्या डाव्या कडेकडे नजर ठेवावी, आणि आपलाहि दिवा खालीं करावा.

घरीं वाट पाहणाऱ्या मंडळींसहि एक विनंति आहे. पाळी सुटतांच “निघालांत कां?” असें विचारण्यासाठीं फोन करूं नये. तीं पांच मिनिटें त्यांच्या डोळ्यांस द्यावीं. माणूस घरीं सुखरूप पोंचण्यास त्यांची मदत होईल.