घर सांभाळताना (भाग 9) : पाणी कुठून बंद होतं?

मागच्या भागात आपण विजेच्या मुख्य स्विचची ओळख करून घेतली. ठिणगी उडाली तर कुठे धाव घ्यायची, हे घरात निदान एकाला तरी ठाऊक असतं. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण अगदीच बेसावध असतो. बेसिनखालचा कनेक्शन पाईप फुटला की कोणी फडकी आणतं, कोणी बादली लावतं, कोणी प्लंबरला फोन करत राहतं. पाणी वाहतच असतं, कारण ते बंद कुठून करायचं हे कोणालाच माहीत नसतं.

हिशोब करून पाहा. अर्ध्या इंची लाईनमधून मिनिटाला 15 लिटर पाणी येतं असं धरलं, तरी तासाभरात 900 लिटर होतात. 600 चौरस फुटांच्या घरात ते सारखं पसरलं, तर फरशीवर जवळजवळ 16 मिलिमीटरचा थर उभा राहील. एवढ्या पाण्यात प्लायचं फर्निचर फुगतं आणि खालच्यांच्या छताला ओल धरते. प्लंबर तासाभरात आला, तरी हे नुकसान तोवर होऊन गेलेलं असतं.

म्हणून पहिली तयारी व्हॉल्व्ह शोधण्याची. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत गच्चीवरच्या टाकीतून पाणी खाली येतं, आणि अनेक ठिकाणी घरात येणारी लाईन एकच नसते. स्वयंपाकघराची वेगळी, न्हाणीघराची वेगळी, फ्लशसाठी बोअरचं पाणी असेल तर ती आणखी वेगळी. त्यामुळे एक व्हॉल्व्ह फिरवून सगळं घर बंद होईल, असं गृहीत धरू नका. काही व्हॉल्व्ह न्हाणीघरात माळ्याजवळ असतात, काही डक्टमध्ये, तर काही थेट गच्चीवर. एकेक व्हॉल्व्ह बंद करा, घरातले सगळे नळ उघडून पाहा आणि कोणता नळ थांबला ते लिहून ठेवा. मग त्या व्हॉल्व्हवर ऑइल पेंटने फ्लॅटचा नंबर आणि 'किचन', 'बाथरूम' असं लिहा. गच्चीची किल्ली कोणाकडे असते, रात्री ती कशी मिळेल, हेही विचारून ठेवा.

व्हॉल्व्ह सापडला तरी तो फिरायला हवा. जुन्या घरांत चाकासारखी मूठ असलेला गेट व्हॉल्व्ह असतो. वर्षानुवर्षं हात न लागल्याने तो क्षार आणि गंज धरून जाम होतो. अशा वेळी पाना लावून जोर केला, तर आतला दांडा तुटण्याची भीती असते. तो आधीच प्लंबरकडून बदलून घ्या आणि त्याजागी बॉल व्हॉल्व्ह बसवा. त्याचा दांडा पाईपच्या रेषेत असला की पाणी चालू, आडवा केला की बंद. अंधारातही हाताला कळतं. बेसिन, फ्लशची टाकी आणि गिझर यांच्याखालचे अँगल कॉकही महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बंद करून उघडत जा. ते चालू स्थितीत असतील, तर बहुतेक वेळा गच्चीपर्यंत जावंच लागत नाही.

सर्वांत जास्त दगा देतो तो जाळीचा कनेक्शन पाईप. टाकीपासून दर 10 मीटर खाली आलं की पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो. म्हणजे दहा मजली इमारतीत तळमजल्यावरच्या पाईपला जवळपास तीन किलोचा दाब सोसावा लागतो. रात्री कोणी पाणी वापरत नसल्याने तो पूर्ण दाब पाईपवर असतो. नटावर गंज, जाळीच्या तुटलेल्या तारा, पांढरा थर किंवा फुगवटा दिसला, की तो पाईप लगेच बदला.

घरात एका डब्यात एवढं ठेवा : पाना, पक्कड, टेफ्लॉन टेप, एम-सील, जादा कनेक्शन पाईप, अर्धा इंची प्लग म्हणजे आट्यांचं बूच, टॉर्च आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी. नळ भिंतीतून निखळला तर बूच उपयोगी पडतं. पाईपला चीर गेली तर ट्यूब ताणून, घट्ट गुंडाळून तारेने बांधता येते. एम-सील वाहत्या पाण्यावर धरत नाही. आधी पाणी बंद करून जागा कोरडी करावी लागते. हे सारे तात्पुरते उपाय आहेत, दुरुस्ती प्लंबरकडूनच करून घ्यावी.

पाईप फुटल्यावर क्रम असा ठेवा. आधी व्हॉल्व्ह बंद, मग गिझर बंद. पाणी स्विचबोर्डाच्या किंवा जमिनीवरच्या वायरींच्या जवळ असेल, तर त्यात पाय टाकण्याआधी कोरड्या जागी उभं राहून मुख्य वीज बंद करा. नंतर खालच्या घराला कळवा. नहाणी ट्रॅपमधून उलट पाणी वर येत असेल, तर दोष सांडपाण्याच्या लाईनमध्ये आहे. तिथे तुमचा व्हॉल्व्ह कामाचा नाही; वरच्या मजल्यांना पाणी वापरणं थांबवायला सांगा आणि सोसायटीला बोलवा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक लाईनच्या गळतीचा खर्च सोसायटीचा आणि घरातल्या सिंक, संडासाच्या गळतीचा खर्च सभासदाचा असतो.

ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या घरांनी आणखी एक सवय लावून घ्यावी. कोरडा नळ उघडून पाहिला, की तो लगेच बंद करावा. गावाला जाताना सगळे व्हॉल्व्ह बंद करूनच कुलूप लावावं.

गळती दुरुस्त करणं प्लंबरचं काम, पण पाणी थांबवणं घरातल्या माणसाचं. येत्या रविवारी आजी-आजोबा, मुलं आणि घरकामाला येणाऱ्या ताई, सगळ्यांना व्हॉल्व्ह दाखवा आणि प्रत्येकाच्या हाताने एकदा तो बंद करून घ्या. पुढच्या भागात पावसाळ्याआधी गच्ची आणि भिंतींची ओल कशी तपासायची, ते पाहू.